वीतभर तार आणि बेचाळीस मीटरची लहर



१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्द उतरून घेत, ही गोष्ट खानदेशातल्या श्रोत्यांना नव्याने सांगायला नको. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला शेवटचे. भिंतीआड बोललेला शब्द महाराष्ट्रभर पोचला, तो गुरुजींच्या हातात लेखणी होती म्हणून. बोलणारा मोठा होता हे खरेच. परंतु लिहून घेणारा नसता, तर ते बोलणे त्या भिंतींतच विरून गेले असते. आम्ही कामगार संघटनेत उभा जन्म घालवला, म्हणून असेल कदाचित, पण कोणतीही थोर गोष्ट ऐकली की आमची नजर आधी लिहून घेणाऱ्याकडे, तार ओढणाऱ्याकडे, दिवा धरणाऱ्याकडे जाते.

आजचा विषय असाच एका तारेचा आहे. धुळ्याच्या प्रवचनांनंतर दहा वर्षांनी सारा देशच तुरुंग झाला. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पुढाऱ्यांची धरपकड झाली, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. अशा वेळी ऑगस्टच्या अखेरीस मुंबईतून एक आवाज हवेत उमटला. काँग्रेस रेडिओ बोलत आहे, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कोठून तरी, अशी त्याची ओळख असे. उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या विद्यार्थिनी. त्यांच्याबरोबर विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि इतर तरुण सहकारी. मागे राममनोहर लोहियांसारखे भूमिगत पुढारी. आणि यंत्राच्या बाजूला नरिमन प्रिंटर यांच्यासारखे बिनतारीचे जाणकार. चितगावावरची जपानी बाँबफेक, जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यातला संप, विदर्भात आष्टी आणि चिमूर येथे झालेले अत्याचार, अशा सरकारने दाबलेल्या बातम्या या केंद्राने लोकांना सांगितल्या. १२ नोव्हेंबरच्या रात्री छापा पडला आणि आवाज बंद झाला. एकूण सुमारे अडीच महिन्यांचा खेळ.

या कथेतले धाडस पुष्कळांनी सांगितले आहे आणि ते सांगावे तितके थोडे आहे. आम्ही आज विचारणार आहोत तो प्रश्न साधा आहे. मुंबईत भाड्याच्या खोलीतून बोललेला शब्द सह्याद्री ओलांडून धुळ्या-जळगावपर्यंत यायचा असेल, तर त्याला केवढी तार लागते? आणि तेवढी तार बांधायला जागा नसेल, तर काय करायचे?

आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही आले, ते जळगावात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात डाग द्यायला बसून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून. आमच्या चाळीत एक जुना रेडिओ होता. तेव्हा नुसते ऐकण्यासाठीसुद्धा पोस्टातून लायसन काढावे लागे. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली असे. तिला सगळे एरियल म्हणत. वडील पाळीवरून आले की बीबीसीच्या हिंदी बातम्या लागत. कधी पट्टी तुटली तर हातभर तारेचा तुकडा अडकवून काम भागे, आणि लंडनचा माणूस तेवढ्या तुकड्यावरही स्पष्ट बोले. त्यामुळे आमची अशी समजूत झाली होती, की तारेच्या लांबीला फारसे महत्त्व नाही. पुढे कळले, की ऐकायच्या बाबतीत ती समजूत बरीचशी खरी आहे आणि बोलायच्या बाबतीत पुरती खोटी. आजच्या व्याख्यानाचे सगळे सार या एका फरकात आहे.

प्रथम लहरीची लांबी म्हणजे काय ते पाहू. ४२.३४ मीटरची लहर सेकंदाला सुमारे ७१ लाख वेळा हेलकावते. आजच्या भाषेत ७.१ मेगाहर्ट्झ, जुने लोक मेगासायकल म्हणत. वीज तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, टोकाशी पुढे वाट नसते, म्हणून परत फिरते. तार जर लहरीच्या निम्म्या लांबीची असेल, तर परत येणारा हेलकावा आणि यंत्राने दिलेला नवा रेटा यांचा ताल बरोबर जुळतो. आखाजीला आपल्या लेकी माहेरी येतात आणि कडुलिंबाला झोके बांधतात. झोका मागे येऊन थांबला, की त्याच क्षणी हलकेच रेटा द्यायचा. मग मोठा जोर न लावताही झोका फांदीला भिडतो. वेळ चुकली, तर देणाऱ्याचाच हात मुरगळतो. दोराची लांबी ठरली की झोक्याचा ताल ठरला. तारेचेही तसेच आहे. ४२ मीटरच्या लहरीची निम्मी तार २१ मीटर. प्रत्यक्षात टोकांच्या परिणामामुळे ती थोडी आखूड, म्हणजे २० मीटरच्या आसपास लागते. साधारण ६६ फूट. मध्यभागी कापून दोन्ही भागांना यंत्राची वीज द्यायची, की एरियल तयार.

सरकारला ही लांबी जड नव्हती. १९२७ साली हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामधला लघुलहरींचा बिनतारी संदेशव्यवहार सुरू झाला, त्याची केंद्रे पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथे होती. उंच उंच मनोरे, त्यांच्यामध्ये तारांचे पडदे, आणि सगळा जोर एकाच दिशेला. साम्राज्याचा आवाज होता, त्याला माळरानच्या माळरान मोकळे होते. उलट काँग्रेस रेडिओचे बिऱ्हाड पाहा. चौपाटीचे सी व्ह्यू, लॅबर्नम रस्त्यावरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रस्त्यावरचे लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी, वाळकेश्वरचा रतन महाल, आणि अखेर महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला. मागावर पोलिसांची शोधगाडी असल्यामुळे जागा एकसारख्या बदलाव्या लागत. यंत्र पेटीत भरून हलवता येते. ६६ फूट तार पेटीतून नेली, तरी नव्या जागी ती पुन्हा ६६ फूट पसरावीच लागते. शेजाऱ्याने गच्चीकडे मान वर केली, की विचारणारच, ही दोरी कसली? कपडे वाळत घालायला एवढी लांब तार कोणी बांधत नाही!

मग तार आखूड केली तर? येथून आजच्या विषयाचा गाभा सुरू होतो.

आखूड तारेचा ताल जलद असतो. तिला संथ लहरीवर आणायचे, तर तिच्यावर काहीतरी लादावे लागते. भजनातला पखवाज आठवा. त्याच्या डाव्या पुडीला वादक कणीक लावतात. पुडी तेवढीच, पण कणकेच्या वजनाने तिचा आवाज खाली उतरतो आणि लहान तोंडातून मोठ्या वाद्याचा घुमारा निघतो. आखूड एरियलला ही कणीक म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे, ज्याला कारागीर कॉइल म्हणतात. वेटोळ्यामुळे विजेचे फिरणे संथ होते, आणि अडीच मीटरची काठी आपण दहा मीटरची आहोत असे यंत्राला भासवते. दुसरा उपाय काठीच्या शेंड्याला छत्रीच्या काड्यांसारख्या तारा लावण्याचा. तिथे वीज साठायला जागा मिळते आणि वेटोळे लहान पुरते. तिसरा, तार नागमोडी किंवा काटकोनात दुमडून बसवण्याचा. जिला दुमडणे सोसते, तिला दुमडावी. मधला भाग शक्य तितका सरळ ठेवावा, कारण विजेचा जोर तिथेच अधिक असतो आणि बाहेर फेकण्याचे मुख्य काम तिथेच होते.

येथवर ऐकून वाटेल, की युक्ती सापडली. परंतु निसर्ग उधारी ठेवत नाही. तारेतून जी शक्ती लहर होऊन बाहेर जाते, ती मोजायचे एक माप आहे, ओहम. निम्म्या लहरीची सरळ तार मोकळ्या जागेत सुमारे ७३ ओहम दाखवते. या ७३ पुढे तारेचा स्वतःचा विरोध एखाददुसरा ओहम. म्हणजे जवळजवळ सगळी शक्ती बाहेर. आता ७ मेगाहर्ट्झवर चालवलेली अडीच मीटरची उभी काठी घ्या. तिचे हेच माप जेमतेम दीड ओहम भरते. वेटोळ्यात आणि जमिनीत मिळून जाणारी घट १० ओहम धरली, तर यंत्राने दिलेल्या १०० वॅटपैकी बाहेर पडतात बारा-तेरा. उरलेल्यांनी वेटोळे तापते आणि जमिनीतले किडेमुंग्या शेकतात. यंत्राला मात्र याची दाद नसते. त्याला ताल जुळलेला दिसतो, आणि ते खूश असते.

दुसरी एक जात आहे कड्याची. जाड तांब्याच्या नळीचे मीटरभर व्यासाचे कडे करायचे आणि तोंडाशी फिरता कंडेन्सर बसवायचा. तो फिरवला, की कडे हवे त्या लहरीवर जुळते. खिडकीत मावणारे हे एरियल ७ पासून २१ मेगाहर्ट्झपर्यंत एका मुठीने फिरवता येते. पण ७ वर त्याचे माप ओहमच्या हजाराव्या भागात, सुमारे सहा हजारांश, भरते. म्हणून नळी जाड हवी, सांधा पक्का हवा, आणि १०० वॅट दिले तर कंडेन्सरवर हजारो व्होल्ट चढतात. हात लावणाऱ्याला भाजून काढतात. शिवाय ते इतके काटेकोर जुळते, की लहर किंचित बदलली तरी पुन्हा मूठ फिरवावी लागते.

ही काही कारागिराची चूक नव्हे. १९४७ साली व्हीलर आणि १९४८ साली चू, या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवून दिले, की लहरीच्या मानाने लहान असलेल्या एरियलला तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत. लहान आकार, पुरते फळ आणि लहरींचा रुंद पट्टा. यांतल्या दोन घ्या आणि तिसरीवर पाणी सोडा. बाजारात कोणी तीनही देतो म्हणाला, तर त्याच्या पेटीत शक्ती कोठेतरी जिरत आहे असे खुशाल समजावे.

आता आणखी एक अडचण. एकच लहर पुरत असती, तर एवढा खटाटोप एकदाच करून भागले असते. परंतु आकाशात सुमारे २०० ते ३०० किलोमीटरवर विद्युतभारित हवेचा जो थर आहे, ज्यावर आपटून लघुलहरी खाली येतात, तो सूर्याच्या हुकमाचा बंदा आहे. दिवसा तो दाट, रात्री विरळ. मुंबईपासून धुळे सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत, जळगाव साडेतीनशेच्या आसपास. मध्ये सह्याद्री. इतक्या अंतरावर बोलायचे, तर लहर जवळजवळ उभी वर फेकून पावसासारखी खाली पाडावी लागते. आणि त्यासाठी फार उंच नसलेली आडवी तार उत्तम. उभी काठी लहरीला क्षितिजाकडे फेकते. ती जमिनीलगत थोडे अंतर जाते, आकाशातून परतते ती थेट फार पुढे, आणि मधला टापू मुका राहतो. दिवसा ७ मेगाहर्ट्झची उभी लहर थराला भेदू शकत नाही, खाली येते. रात्री थर विरळ झाला, की तीच लहर उभी गेली तर पार निघून जाते. तिरपी गेलेली मात्र दूर जाऊन उतरते. संध्याकाळनंतर बोलणारा काँग्रेस रेडिओ ब्रह्मदेशापर्यंत ऐकू गेल्याचे सांगतात, त्यात त्यामुळे नवल नाही. रात्री जवळच्या माणसाशी बोलायचे, तर ३.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दुप्पट लांब लहरीवर उतरावे लागते. आणि त्याला ४० मीटर तार! म्हणून जो खऱ्या अर्थाने सर्वांशी बोलू इच्छितो, त्याला एका एरियलवर अनेक लहरी लागतात.

याची उत्तरे हौशी बिनतारीवाल्यांनी आणि लष्करी कारागिरांनी मिळून काढली. पहिले उत्तर तारेतच दडलेले आहे. सतारीची एकच तार जशी अख्खी हलते, तशी तीन भागांतही हलते. ७ मेगाहर्ट्झची निम्म्या लहरीची तार २१ वर तीन निम्म्या लहरींची होते आणि न बदलता चालते. १४ वर मात्र मध्यभागी विजेचा दाब फार आणि प्रवाह थोडा, म्हणून तिथे यंत्राचे व तिचे पटत नाही. दुसरे उत्तर, एकाच ठिकाणाहून वेगवेगळ्या लांबीच्या तारा पंख्याच्या पात्यांसारख्या पसरणे. ज्या लहरीचा ताल ज्या तारेशी जुळेल, ती तार वीज घेते, बाकीच्या स्वस्थ बसतात.

तिसरे उत्तर धुळ्याच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटाला दारे असतात. पाटकऱ्याने एक दार लावले, की पाणी अलीकडच्या फडातच फिरते. उघडले, की पुढच्या फडापर्यंत जाते. एरियलच्या दोन्ही बाजूंना असे दार बसवतात, त्याला ट्रॅप म्हणतात. एक वेटोळे आणि एक कंडेन्सर यांची जोडी. ७ मेगाहर्ट्झला ही जोडी दार लावून घेते आणि आतली २० मीटरची तारच जिवंत राहते. ३.५ ला तीच जोडी वाट देते, वर वेटोळ्याचा भार टाकून तारेला थोडी लांबही भासवते. त्यामुळे बाहेरचा तुकडा पुऱ्या लांबीचा ठेवण्याची गरज उरत नाही. अमेरिकेतल्या बुकॅनन नावाच्या हौशी बिनतारीवाल्याने १९५५ साली असे एरियल प्रसिद्ध केले आणि ते जगभर पसरले. इथे पाटकरी लागत नाही; लहर स्वतःच दार उघडते व लावते.

चौथे उत्तर जुळणीच्या पेटीचे. महायुद्धात फ्रान्स आणि इतर देशांतल्या भूमिगतांना इंग्रजांनी सुटकेसमध्ये मावणारे संच दिले होते. त्यांत वेटोळे आणि कंडेन्सर अशा रीतीने बसवलेले असत, की हाती लागेल ती तार थोडीफार जुळवून घेता यावी. युद्धानंतर १९४६ मध्ये इंग्रज हौशी बिनतारीवाला लुई व्हार्नी याने ३१ मीटरची एक तार आणि अशी पेटी यांवर बऱ्याच लहरी चालवून दाखवल्या. त्याच्या संकेतनावावरून ती ‘जी-५-आर-व्ही’ म्हणून ओळखली जाते. आज ही जुळणी पेटीतले यंत्र क्षणार्धात आपली आपण करते.

पण या पेटीविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. पेटी यंत्राची समजूत घालते. तार लांब करत नाही. यंत्र तपासताना जुने लोक एरियलऐवजी विजेचा दिवा लावत. यंत्र पूर्ण समाधानी, जुळणी उत्तम, दिवा झगझगीत, आणि बाहेर शब्दही जात नाही! आम्हाला हे वाचून आमच्या चळवळीतले काही प्रतिनिधी आठवले. मालकाशी त्यांची जुळणी इतकी उत्तम, की बैठकीत कधी ठिणगी उडत नाही. मात्र गेटावरच्या माणसाचा शब्द बाहेर गेलेला नसतो. जुळणी चांगली आहे एवढ्यावर संतुष्ट न राहता, लांब बसलेल्या माणसाला विचारावे, तुला ऐकू आले काय?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. बोलायला इतकी यातायात, मग ऐकायला हातभर तुकडा कसा पुरतो? कारण असे की, या लहरींवर आकाशातल्या विजांची खरखर मुळातच पुष्कळ असते. लहान तार शब्दही कमी उचलते आणि खरखरही त्याच प्रमाणात कमी उचलते. दोघांचे प्रमाण बिघडत नाही. मग यंत्राने दोन्ही वाढवले, की शब्द कळतो. बोलणाऱ्याला ही सवलत नाही. त्याने गमावलेला वॅट वाढवून द्यायला वाटेत कोणी उभे नसते.

ऐकायला वीतभर तार पुरते. बोलायला लहरीएवढी तार हवी, नाहीतर तिची किंमत मोजावी लागते. हा निसर्गाचा नियम आहे, आणि सत्ताधाऱ्यांना तो सोयीचा पडतो. श्रोते लाखो करता येतात. बोलणारे थोडेच राहतात, आणि थोड्यांवर पहारा ठेवणे सोपे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द करून प्रक्षेपक यंत्रे जमा करायला लावली, ती याच हिशेबाने.

पोलिसांचे काम तर ऐकण्याचेच, म्हणून त्यांना लहान एरियल पुरेसे होते. आम्ही वर्णन केलेले तेच कडे गाडीवर बसवून गोल फिरवतात. एका विशिष्ट दिशेला आवाज अगदी नाहीसा होतो; केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते त्यावरून कळते. दोन ठिकाणांहून अशा दोन रेषा काढल्या, की त्या जिथे छेदतील तिथे केंद्र. बोलणाऱ्याची तार मित्राला आणि शत्रूला सारखाच शब्द देते.

तरीही शेवटचा घाव कड्याने घातला नाही. यंत्राची जोडणी ज्यांना माहीत होती, त्या तंत्रज्ञांच्या वर्तुळातूनच पोलिसांना पत्ता लागला. १२ नोव्हेंबरच्या रात्री पोलीस दारे फोडून पॅराडाइज बंगल्यात शिरले, तेव्हा कार्यक्रम चालूच होता. पुढे खटला झाला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. उषाबेन १९४६ मध्ये येरवड्यातून सुटल्या, पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले, आणि २००० साली वारल्या.

ज्याने पत्ता दिला त्याला शिव्या देणे सोपे आहे. कोठडीत बसलेल्या माणसाविषयी बाहेरच्याने फार मोठ्याने बोलू नये, हे आम्ही संपांच्या काळात शिकलो. आमचा प्रश्न वेगळा आहे. बोलणारे अनेक होते. एक पकडला असता, तर दुसरा बोलला असता. परंतु यंत्र जुळवणारे, तार ताणणारे हात किती होते? ज्ञान दोन-तीन डोक्यांत असले, की ती डोकी म्हणजे चळवळीची मान होते. आणि ती नेमकी कोठे धरायची हे पोलिसांना बरोबर कळते.

आमच्याच घरचा दाखला देतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गेटासमोर आमची सभा होती. कामगार मोठ्या संख्येने जमलेले, तडजोडीचा मसुदा वाचून दाखवायचा होता. ऐन वेळी ध्वनिक्षेपकाचे यंत्र बंद पडले. ते हाताळणारा आमचा एकच सोबती, आणि तो बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. आम्ही घसा फुटेपर्यंत ओरडलो. पुढच्या चार रांगांनी ऐकले, मागच्यांनी ऐकीव गोष्टी ऐकल्या. रात्री अर्धा जमाव एक समजून घरी गेला आणि अर्धा दुसरेच. त्याचे परिणाम आम्ही वर्षभर निस्तरले. दुसऱ्या दिवशी सोबत्याने पेटी उघडली, तर उडाला होता एक फ्यूज! दोष त्या सोबत्याचा नव्हता. वीस वर्षे मोठमोठी भाषणे करूनही फ्यूज कोठे असतो हे विचारले नाही, तो दोष आमचा होता.

म्हणून या विषयाला आम्ही केवळ तांत्रिक कुतूहल मानत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूजला भूकंप झाला, टेलिफोन पडले, तेव्हा हौशी बिनतारीवाल्यांनी लहान संच आणि हाती लागेल तिथे बांधलेल्या तारांवर निरोप पोचवले. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पण त्या फोनचा मनोरा दुसऱ्याचा, वीज दुसऱ्याची, आणि कळ दाबून बंद करायचा अधिकारही दुसऱ्याचा. तुमच्याआमच्या हाताने ताणलेली तार त्या मानाने गरीब, पण आपली. तिचा परवाना सरकारच्या परीक्षेला बसून रीतसर मिळतो; त्यासाठी पदवी लागत नाही, एवढे आम्ही स्वतःवरून सांगू शकतो.

आमच्या कचेरीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून समोरच्या कडुलिंबापर्यंत अशी एक तार आहे. बरोबर वीस मीटर. सध्या ती ऐकण्यापुरतीच, कारण बोलण्याची परीक्षा दोन मुले यंदा देणार आहेत. गेल्या महिन्यात तार चांगली बांधून झाली, तेव्हा ज्याने ती बांधली त्याला आम्ही सांगितले, आता सोडून खाली आण. तो जरा रागावला. मग दुसऱ्याच्या हाती दिली आणि म्हटले, तू बांध. त्याची गाठ सैल बसली, तार वाऱ्याने खाली आली, पुन्हा बांधली. आता ती दोघांना येते. पुढच्या रविवारी तिसऱ्याला चढवायचा आहे.